जिना मोकळा, दार बंद

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे तीनच्या सुमाराला मुंबईत गोरेगाव पश्चिमेच्या जय भवानी इमारतीच्या पार्किंगमध्ये आग लागली. तिथे चिंध्यांचे गठ्ठे ठेवलेले होते, शेजारी गाड्या उभ्या होत्या. तळमजला आणि वर पाच मजले एवढीच ती इमारत, म्हणजे नागपुरात रामदासपेठेत, धंतोलीत किंवा धरमपेठेत गल्लोगल्ली दिसतात तशीच. ज्वाळा मुख्यतः खाली होत्या. पण त्या दिवशी सात जण दगावले आणि चाळीसहून अधिक जखमी झाले. वरच्या मजल्यांवर झोपलेल्या कुटुंबांना खालच्या पार्किंगमधल्या आगीने गाठले होते.

आग खाली आणि बळी वर, असे का होते? आगीपासून जितके लांब तितके सुरक्षित, असे आपण धरून चालतो. त्या हिशेबाने पाचव्या मजल्यावरच्या माणसाला सगळ्यात जास्त वेळ मिळायला हवा. प्रत्यक्षात कित्येकदा त्यालाच सगळ्यात कमी मिळतो. हे कोडे एकदा सुटले की घरमालक आणि भाडेकरू यांच्यासाठी असलेले आगीचे नियम पाठ करावे लागत नाहीत, त्यांच्यामागचे कारणच दिसू लागते.

धुराची वाट

हवा तापली की फुगते. खोलीतली साधी हवा ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर तिला आधीच्या जवळजवळ तिप्पट जागा लागते. तेवढ्याच वजनाची हवा तिप्पट जागा व्यापू लागली म्हणजे ती हलकी झाली, आणि हलकी झालेली हवा वर जाणारच. आगीतून निघणारा धूर म्हणजे अशीच तापलेली हवा, तिच्यात काजळी आणि विषारी वायू मिसळलेले.

ज्यांच्या घरी अंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब होता, त्यांना पुढचे सांगायलाच नको. बंबात खाली विस्तव, मधोमध नळी आणि नळीभोवती पाणी. खाली चार चिपाडे पेटवली की धूर नळीच्या वरच्या तोंडातून बाहेर पडू लागतो, फुंकणी लागत नाही. नळीतली हवा तापून वर जाते, तिच्या जागी खालून ताजी हवा ओढली जाते, त्या हवेने विस्तव फुलतो आणि फुललेला विस्तव नळीतली हवा आणखी तापवतो. अपार्टमेंटचा जिना ही अशीच नळी आहे. खाली पार्किंगच्या बाजूने उघडा, वर गच्चीपर्यंत सलग पोकळ, आणि प्रत्येक मजल्यावर घरांची दारे त्याच पोकळीत उघडणारी. लिफ्टची विहीर आणि विजेच्या केबल वर नेणारी डक्ट या आणखी दोन नळ्या.

अशा पोकळीतून धूर सेकंदाला काही मीटर इतक्या वेगाने चढू शकतो. धडधाकट तरुणालाही त्या वेगाने जिना चढता येत नाही. वर गच्चीचे दार बंद असेल तर धूर तिथे अडतो, साठतो आणि वरून खाली भरत येतो. म्हणून सगळ्यात वरचा मजला आधी धुरात बुडतो आणि मधले मजले नंतर. गोरेगावच्या कोड्याचे उत्तर एवढेच आहे.

धुराने माणूस बहुधा भाजत नाही, त्याची शुद्ध हरपते. ज्वलन अर्धवट झाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन एरवी प्राणवायू वाहून नेते, पण या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. फुप्फुसे चालू असतात, श्वासही चालू असतो, पण रक्तातून मेंदूला प्राणवायू पोचत नाही. आधी डोके जड होते, मग विचार गोंधळतात आणि पाय लटपटतात. आगीनंतर दारापासून चार पावलांवर माणसे निपचित सापडतात, त्याचे कारण बहुतेकदा हेच. सोफा आणि गाद्यांमधला फोम जळला की त्यात हायड्रोजन सायनाइडचीही भर पडते. झोपेत वासाने जाग येईलच याचा भरवसा नाही, त्यामुळे रात्रीची आग अधिक घातक.

बंद खोलीत हा धूर आधी छताला लागतो, छताखाली त्याचा थर जमतो आणि तो थर जाड होत खाली येतो. जमिनीलगत काही काळ त्यातल्या त्यात श्वास घेण्याजोगी हवा उरते. ‘वाकून, रांगत बाहेर पडा’ असे सांगतात ते यामुळे.

जिन्यातला कूलर

रामदासपेठ ही मुळात मोठ्या प्लॉटवरच्या, बागेसकटच्या बंगल्यांची वस्ती. त्या बंगल्यांच्या जागी गेल्या काही दशकांत अपार्टमेंट उभी राहिली. आज लोकमत चौकातून आत वळले की एकाच इमारतीत तळमजल्यावर दवाखाना किंवा पॅथॉलॉजी लॅब, पहिल्या मजल्यावर क्लास नाहीतर सीएचे ऑफिस, वर बिऱ्हाडे आणि एखाद्या फ्लॅटमध्ये विदर्भातून शिकायला आलेल्या पाच-सहा मुलींचे पीजी, असा संसार दिसतो. दवाखान्यांमुळे रुग्णांचे नातेवाईकही आठवडा-पंधरवड्यासाठी खोल्या घेतात. म्हणजे त्या जिन्याने रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे ते कायमचे घर नाही. गच्चीचे दार कुठल्या बाजूला उघडते, मागच्या बाजूने खाली उतरता येते का, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

यातल्या पुष्कळ इमारती १५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या आहेत. हा आकडा महत्त्वाचा आहे. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ धरली जाते आणि आगीबाबतच्या कडक अटी तिथून सुरू होतात. त्याखालच्या जुन्या इमारतींना बहुधा एकच जिना असतो. शिडी लावून अग्निशमन दल तिथवर पोचू शकते, हे खरे. पण शिडी येईपर्यंतचा सगळा भार त्या एका जिन्यावर. अशा इमारतीत ‘फायर एस्केप कुठे आहे?’ असे विचारले तर उत्तर असते, आपण रोज वापरतो तोच जिना.

आता त्या जिन्यात काय असते ते पाहू. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे कूलर घरोघरी. जूनच्या शेवटी पाऊस पडला की कूलर खिडकीतून निघतो आणि घरात जागा नाही म्हणून जिन्याच्या वळणावर येऊन बसतो. लोखंडी स्टँड, त्यावर पत्र्याचा ठोकळा, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुश्याच्या ताट्या. हंगामभर भिजून मग महिनोन्महिने वाळलेल्या त्या ताट्या एका ठिणगीने पेटतात. त्याच्या डोक्यावर गुंडाळलेली जुनी गादी, मागे लहानपणीची सायकल, बाजूला पेपरची रद्दी. दोन माणसे शेजारून जातील एवढा जिना तिथे एकाच्या रुंदीचा उरतो. दिवसा, उजेडात, तिरके होऊन आपण सवयीने निघून जातो. धुरात, अंधारात, पाठीवर म्हातारी आई आणि मागून दुसरे बिऱ्हाड येत असताना तिथेच माणसे अडकतात.

कूलर उन्हाळ्यात खिडकीत असतो तेव्हा दुसरी अडचण. त्या खोलीची एकुलती एक मोठी खिडकी त्याने बुजते, वर खिडकीला पेटीसारखी बाहेर आलेली पक्की ग्रील. म्हणजे जिना बंद झाला तर खिडकीशी येऊन हवा घेणे, हात हलवून खालच्या लोकांना दिसणे, हेही जमत नाही. बेडरूममध्ये कूलर लावायचा असेल तर निदान एक खिडकी मोकळी ठेवावी, आणि ग्रीलमध्ये आतून उघडणारी झडप करून घ्यावी. फॅब्रिकेशनवाल्याकडे हे काम एका दिवसाचे असते. झडपेला कुलूप लावायचेच असेल तर चावी तिथेच, हात पोचेल अशा खिळ्याला अडकवावी, पण बाहेरून हात घालून काढता येणार नाही इतक्या अंतरावर.

जिन्याखालच्या जागेबद्दल तर विशेष काळजी हवी. बहुतेक ठिकाणी सगळ्या फ्लॅटचे विजेचे मीटर तिथेच असतात आणि मीटरच्या पुढ्यात दुचाक्या. वायरचा जोड सैल झाला की त्या एका बिंदूवर वीज अडखळते आणि तो तापतो. उन्हाळ्यात प्रत्येक घरात एसी आणि कूलर एकदम चालू असले की तो आणखी तापतो. एमसीबी जास्त प्रवाह रोखतो, पण सैल जोडातली उष्णता त्याला कळत नाही. मीटरबोर्डाला हात लावू नये, पण तिथे जळका वास आला, प्लॅस्टिक पिवळे-काळे पडलेले दिसले तर त्याच दिवशी वीज कंपनीला कळवावे. इलेक्ट्रिक स्कूटर तिथे रात्रभर चार्जिंगला लावणे मला तरी अजिबात पटत नाही. लिथियम बॅटरी बिघडून पेटली तर तिची उष्णता तिच्यातच तयार होत राहते, ती सहजासहजी विझत नाही, आणि तिचा धूर थेट जिन्यात जातो.

बंद आणि कुलूपबंद

२५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली. दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले कारखान्याचे. १४६ कामगार मरण पावले, त्यात बहुसंख्य तरुण मुली. नवव्या मजल्यावरचे जिन्याचे एक दार कुलूप लावून बंद केलेले होते, कामगारांनी माल चोरून नेऊ नये म्हणून. इमारतीला बाहेरून लोखंडी जिना होता, तो माणसांच्या भाराने कोसळला. पुढे जगभरात आगीचे जे नियम झाले त्यांत या दोन गोष्टी सतत येतात: सुटकेच्या वाटेला किल्ली लागू नये, आणि बाहेरचा जिना दिखाऊ असू नये.

आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही तेच आहे. बाहेर पडण्याचे दार ज्या बाजूने माणसे येणार त्या बाजूने किल्लीशिवाय उघडले पाहिजे. बाहेरचा सुटकेचा जिना असेल तर त्याची रुंदी १.२५ मीटर हवी, उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र नको, आणि तो आतल्या जिन्यापासून दूर असावा, म्हणजे एकाच आगीत दोन्ही वाटा जाणार नाहीत. पूर्वी मागच्या बाजूला सफाईसाठी ठेवलेला गोल लोखंडी जिना असे, त्याला काही लोक अजून फायर एस्केप म्हणतात. संहिता उंच इमारतींसाठी तो धरत नाही. घाबरलेली माणसे गोल जिन्यावरून ओळीने उतरू शकत नाहीत, कारण आतल्या बाजूची पायरी पाऊलभरही रुंद नसते.

आता आपले चॅनल गेट. रात्री अकराला वॉचमन ते ओढून कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकून पार्किंगच्या कोपऱ्यात झोपतो. चोरीची भीती खरी आहे, तिला उडवून लावण्यात अर्थ नाही. पण चोराला बाहेर ठेवणारे कुलूप आगीत घरच्यांना आत ठेवते. यावर सोपा उपाय आहे. बाहेरून किल्लीने आणि आतून नुसत्या खटक्याने उघडणारे कुलूप बसवावे, आणि त्या खटक्याभोवती बाहेरून हात जाणार नाही असा पत्रा मारावा. पीजी चालवणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. मुलींच्या सुरक्षिततेसाठी म्हणून फ्लॅटच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. त्या मुलींच्या आईवडिलांनी खोली पाहायला गेल्यावर जेवण, पाणी, वायफाय विचारण्याआधी हे विचारावे.

गच्चीचे तसेच. गच्चीच्या दाराला कुलूप असते, किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष मुलाकडे पुण्याला. आगीत गच्चीकडे धावणे हा पहिला मार्ग नाही, कारण धूरही तिकडेच निघालेला असतो. पण खालचा जिना पेटलेला असेल आणि वरचा अजून स्वच्छ असेल, तेव्हा तीच एक वाट राहते, आणि तिथे कुलूप असणे म्हणजे माणसांना धुरात वर चढवून अडकवणे. गच्चीला आतून कडी पुरते. मुले जातील, पाण्याच्या टाक्यांशी खेळतील, ही भीती असेल तर कडी उंचावर लावावी.

हे झाले कुलुपाचे. बंद दाराची गोष्ट याच्या उलट आहे. दार बंद असणे फार चांगले. उंच इमारतींत जिन्याच्या तोंडाशी जे जाड, आपोआप मिटणारे ‘फायर डोअर’ असते ते नेमके यासाठी. धूर मजल्यावरून जिन्यात शिरू नये, म्हणजे वरून उतरणाऱ्यांना स्वच्छ जिना मिळावा. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत अशा दाराने दोन तास आग रोखावी अशी अपेक्षा आहे. पण हवा खेळावी म्हणून कोणीतरी त्याच्याखाली वीट सरकवतो, किंवा तुळशीची कुंडी टेकवून ठेवतो, वरचा क्लोजर काढून टाकतो. एका विटेने हजारो रुपयांचे ते दार निकामी होते. फायर डोअर मिटलेले हवे, पण त्याला कडी-कुलूप नको.

आपल्या घरातले साधे लाकडी दारसुद्धा काही मिनिटे देते. स्वयंपाकघरात पेट घेतला, आवाक्याबाहेर गेला, तर सगळ्यांना बाहेर काढून मागे दार ओढून घेणे ही एक कृती बाकी इमारतीला वाचवू शकते. आगीला लागणारी हवा त्याने तुटते आणि जिना धुरापासून वाचतो. उघडे दार टाकून पळालेल्या एका फ्लॅटमुळे वरच्या सगळ्या मजल्यांची वाट बंद झाल्याची उदाहरणे आहेत. दाराला कुलूप लावू नये, फक्त ओढून घ्यावे, कारण अग्निशमन दलाच्या जवानांना आत जायचे असते.

निघायचे की थांबायचे

२२ ऑगस्ट २०१८ च्या सकाळी मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर आग लागली. चार जण मरण पावले. त्याच इमारतीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्ते या मुलीला शाळेत शिकलेले आठवले. तिने कापडाचे तुकडे भिजवून आजूबाजूच्यांना दिले आणि त्यातून श्वास घ्यायला सांगितले. पुढे तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या कापडाने काजळी आणि काही झोंबणारे वायू अडतात, खोकल्याची उबळ थांबते, माणूस शांत राहतो. पण कार्बन मोनॉक्साइड ओल्या कापडातून आरपार जातो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. म्हणजे ओला रुमाल मदत येईपर्यंत खिडकीशी थांबायला उपयोगी. तो नाकाला लावून काळ्या धुराने भरलेल्या जिन्यात उतरणे जीवघेणे ठरते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला नेमका दुसऱ्या टोकाचा अनुभव आला. चोवीस मजली इमारत, जिना एकच. रहिवाशांना आधीपासून सांगितलेले होते की आग दुसऱ्याच्या घरात असेल तर आपल्या घरात थांबा. भिंती आणि दारे आग रोखतील हा त्यामागचा विश्वास. पण बाहेरच्या भिंतीवर नव्याने बसवलेले ज्वलनशील आवरण पेटले, आग बाहेरून सगळीकडे पोचली आणि ७२ जण गेले. तेव्हा ‘थांबा’ किंवा ‘पळा’ हा एकच नियम सगळीकडे चालत नाही. आग कुठे आहे आणि जिन्यात धूर आहे की नाही, या दोन प्रश्नांवर निर्णय ठरतो.

चौकट : रात्री धुराने जाग आली तर

आग आपल्याच घरात आणि आवाक्याबाहेर: सगळ्यांना उठवा, बाहेर पडा, दार ओढून घ्या, शेजाऱ्यांची दारे ठोठावत खाली जा.

आग दुसरीकडे: आपले दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने चाचपून पाहा. गरम नसेल तर थोडेसे उघडून जिना पाहा. स्वच्छ असेल तर खाली उतरा.

जिन्यात धूर: परत आत या, दार लावा, फटीत ओले टॉवेल कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीशी जा, मोबाइलच्या उजेडाने लक्ष वेधा.

लिफ्ट कधीही नाही: वीज गेली की ती मध्येच अडकते, आणि तिच्या विहिरीत धूर असतो.

फोन: १०१ किंवा ११२. इमारतीचे नाव, जवळचा चौक, कितवा मजला, किती माणसे अडकली, एवढे सांगा.

बाहेर आल्यावर वस्तूसाठी परत जाऊ नका.

कायदा कोणाकडे बोट दाखवतो

आग लागल्यावर भाडेकरू म्हणतो घर मालकाचे, मालक म्हणतो राहतो भाडेकरू, आणि दोघे मिळून म्हणतात जिना सोसायटीचा. महाराष्ट्राच्या कायद्याने ही टोलवाटोलवी मोडून काढली आहे. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती कायम चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी त्यात बिल्डर, मालक आणि भोगवटादार अशा सगळ्यांवर आहे. भोगवटादार म्हणजे प्रत्यक्ष जागा वापरणारा, त्यात भाडेकरूही आला.

ज्या इमारतींना अशी यंत्रणा सक्तीची आहे, त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून घेऊन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे द्यावे लागते. त्याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. नव्याने यंत्रणा बसवली की देतात तो ‘फॉर्म ए’. बसवलेल्या साधनांशी छेडछाड करणे, ती काढणे हाही गुन्हा आहे. विटेने उघडे ठेवलेले दार आणि होज रीलच्या कपाटात भरलेले झाडू यांच्याकडे त्या नजरेने पाहावे. उल्लंघनाला कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे.

दुसरा कायदा भाड्याचा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे काम आहे. भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही तर तो स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कलम २९ मध्ये घरमालकाने तोडू नयेत अशा अत्यावश्यक सोयी सांगितल्या आहेत, त्यांत पाणी आणि विजेबरोबर जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे स्पष्टपणे नमूद आहेत. जिन्यातला दिवा ही मेहेरबानी नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. अंधारात उतरताना पहिल्या वळणावर कोणी पडले की मागचे सगळे थांबतात, म्हणून त्या दिव्याचे मोल. शक्यतो एक दिवा वीज गेल्यावर बॅटरीवर आपोआप लागणारा असावा.

आता बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. अशा परवानाधारकाचे हक्क जुन्या भाडेकरूपेक्षा कमी असतात, त्यामुळे जे हवे ते करारातच लिहून घेणे शहाणपणाचे. नोंदणीचे छापील मसुदे खिळे ठोकण्यापासून पाळीव प्राण्यांपर्यंत सगळे सांगतात, आगीबद्दल बहुधा चकार शब्द नसतो. तीन वाक्ये पुरतील. घरातले वायरिंग एसीचा भार पेलेल असे आहे आणि अर्थ लीकेजला वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला आहे, याची हमी मालकाची. जिना, पॅसेज आणि गच्चीकडची वाट यांत कोणतेही सामान ठेवणार नाही, ही हमी भाडेकरूची. आणि मुख्य गेट व गच्ची आतून किल्लीशिवाय उघडतात, हे दोघांनी मिळून करार करतानाच पाहिलेले असावे.

यातले तिसरे वाक्य मालकाला अवघड जाते, कारण गेट त्याच्या एकट्याचे नाही. पण अपार्टमेंटच्या संघटनेत मत त्याचे असते, भाडेकरूचे नाही. रामदासपेठेतल्या कित्येक फ्लॅटचे मालक पुण्या-बंगळुरूला किंवा परदेशात आहेत, त्यामुळे सभेला येतात ती माणसे बिनमताची आणि ज्यांचे मत ती बाहेरगावी. भाडेकरूने लेखी कळवावे, मालकाने ते संघटनेला पुढे पाठवावे आणि मेंटेनन्सच्या बिलात अग्निशामक सिलिंडर भरण्याचा खर्च पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत. ज्याच्याकडे भाडे जाते त्याच्याकडे ही जबाबदारी आहेच, तो गावात असो वा नसो.

एप्रिलमधला एक रविवार

१४ एप्रिल १९४४ ला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना अग्निशमन दलाचे अनेक जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळतात. नागपूरला तर त्याचे जास्त अगत्य हवे. देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि १९५७ पासून ते नागपुरातच आहे. शिवाय नागपूरकरांच्या घरी कूलर बाहेर निघतात तेही याच दिवसांत, म्हणजे जिना रिकामा होण्याची वेळ आयतीच साधते.

त्या आठवड्यातला एक रविवार जिन्यासाठी काढावा. सकाळी सगळ्या मजल्यांवरून सामान उचलावे आणि रंगाने पायऱ्यांच्या कडेला पट्टा ओढावा, म्हणजे अंधारात पायरी दिसेल आणि सामान ठेवायला कोणी धजणार नाही. सिलिंडरच्या डोक्यावरचा काटा हिरव्या भागात आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, ते वाचावे. तो चालवायचा कसा तेही एकदा सगळ्यांनी पाहावे: पिन ओढायची, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखायची, मूठ दाबायची आणि डावीकडून उजवीकडे फिरवायची, आपली पाठ मात्र दाराकडे ठेवून. आग कमरेपेक्षा उंच झाली असेल तर सिलिंडर सोडून निघायचे.

मग रात्री नऊला, जिन्यातले दिवे घालवून, सगळ्यांनी एकदा खाली उतरून पाहावे. वरच्या मजल्यावरच्या आजींना उतरायला किती वेळ लागतो, त्यांना कोण आणणार, गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या काकांच्या दारावर कोणी थाप मारायची, पीजीतल्या मुलींना मागची बाजू दाखवली आहे का, हे त्या दहा मिनिटांत ठरते. खाली जमायची जागाही ठरवावी, गेटपासून दूर. गेटसमोर गर्दी झाली तर अग्निशमन दलाचा बंब आत कसा येणार? आमच्या भागातल्या गल्ल्यांत दवाखान्यांमुळे दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात, त्यामुळे गेटसमोरची पट्टी रात्रीही मोकळी राहील याची जबाबदारी वॉचमनला नाव घेऊन द्यावी, आणि त्याच वेळी गेटचा खटका त्याच्या डोळ्यांसमोर इमारतीतल्या प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, स्वतःच्या हाताने एकदा उघडून पाहावा.